उरलेल्या डोंगरांचा प्रदेश

शाळेच्या भूगोलात सह्याद्रीची ओळख पर्वत म्हणून होते. नकाशावर तापीच्या दक्षिणेपासून खाली उतरत जाणारी तपकिरी रेघ, तिच्या एका अंगाला कोकण, दुसऱ्या अंगाला देश. पर्वत म्हटला की तो जमिनीतून वर आला असणार, असे आपण धरूनच चालतो. पण पुण्याहून लोणावळ्याकडे किंवा जुन्नरहून माळशेजकडे जाणाऱ्याला पर्वत चढल्यासारखे फारसे वाटत नाही. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, लोणावळ्याची सव्वासहाशेच्या आसपास. शेते, माळ, टेकाडे मागे टाकत आपण पुढे जातो आणि एका वळणावर जमीनच संपते. खाली पाचसहाशे मीटरवर कोकण पसरलेले असते. कोकणातून वर पाहणाऱ्याला जी भिंत दिसते, ती देशावरून येणाऱ्याला पठाराची तुटलेली कड म्हणून भेटते.

या संग्रहातले लेख वेगवेगळ्या हातांचे असले, तरी फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतात. महाराष्ट्रातले बहुतेक डोंगर घडवून उभे केलेले नाहीत, भोवतालचे सगळे झिजून वाहून गेल्यावर ते उरले आहेत. कळसूबाईचा १६४६ मीटरचा माथा हा आडव्या थरांच्या एका प्रचंड रचनेतला, अजून न गेलेला तुकडा आहे. शेजारचे अलंग, मदन, कुलंगही तसेच. मधल्या दऱ्यांत कधीकाळी खडकच होता. पठार सावकाश उचललेही गेले आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण डोंगराला डोंगराचा आकार दिला तो झिजेने. ही एक गोष्ट नीट पटली की घाटातला प्रवास, किल्ल्याची चढण, विहिरीचे पाणी आणि पावसाळ्यात येणाऱ्या दरडींच्या बातम्या, सगळ्यांकडे पाहण्याची नजर बदलते.

ज्यांना हा विषयच नवा आहे त्यांच्यासाठी थोडे मागून सुरुवात करतो. भूरूप म्हणजे जमिनीचा कोणताही ओळखू येणारा आकार. तो हिमालयाएवढा असेल किंवा ओढ्याकाठच्या वाळूवर उमटलेल्या सुरकुतीएवढा. खडक कशाचा आणि किती जुना, हे भूशास्त्र विचारते. त्याला आज हा आकार कसा आला, हे भूरूपशास्त्र विचारते. उत्तरात दोन पक्ष नेहमी असतात. पृथ्वीच्या पोटातली उष्णता जमीन उचलते, दुमडते, तडकवते, तिच्यावर लाव्हा ओतते. आणि पाऊस, नदी, हिम, वारा, लाटा ही मंडळी गुरुत्वाकर्षणाला हाताशी धरून तेच सगळे खाली आणत असतात. या ओढाताणीत ज्या क्षणी आपण पाहतो, त्या क्षणी जे दिसते ते भूरूप.

भारतात या दोन्ही पक्षांचे जवळपास सगळे नमुने सापडतात. भारतीय भूखंड सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि अजून रेटतो आहे, त्यातून हिमालय झाला. मधल्या टेथिस समुद्राचा तळ त्या रेट्याने शिखरांवर गेला. गंडकीच्या पात्रात मिळणारे शाळिग्राम हे त्या समुद्रातल्या अमोनाइट नावाच्या प्राण्यांचे जीवाश्म आहेत. आपल्या देवघरांत ते पिढ्यान्‌पिढ्या पूजले गेले. ते समुद्राची साक्ष आहेत हे फार उशिरा कळले. हिमालयाच्या वरच्या अंगाला हिमनद्यांनी कोरलेल्या रुंद तळाच्या दऱ्या आहेत, थरच्या वाळवंटात वाऱ्याने रचलेल्या चंद्रकोरी टेकड्या आहेत. मेघालयात पावसाच्या सौम्य आम्लाने चुनखडक विरघळवून किलोमीटरच्या किलोमीटर गुहा केल्या आहेत. गंगा-ब्रह्मपुत्रेने सुंदरबन रचले, प्रवाळांनी बुडत्या ज्वालामुखींच्या माथ्यांवर लक्षद्वीपची कंकणाकृती बेटे बांधली, आणि अंदमानातल्या बॅरन बेटावर ज्वालामुखी आजही जागा आहे. यांतले हिम, वाळवंट आणि मोठ्या गुहा महाराष्ट्राच्या वाट्याला आल्या नाहीत, म्हणून या पुस्तकातही त्या ओझरत्याच येतात. आपल्या वाट्याला आला तो बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, आणि त्याच्यावर चाललेले पाण्याचे काम.

या शास्त्राचा इतिहास म्हणजे मुख्यतः वेळेबद्दलच्या भांडणांचा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या जेम्स हटनने सांगितले की आज ओढ्यात जे चालले आहे तेच पुरेसा काळ चालू राहिले, तर डोंगर नाहीसे होतात. त्यासाठी जगबुडीची गरज नाही. चार्ल्स लायेलने १८३० पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून हा विचार घरोघर नेला. पुढे अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत, जिथे झाडझाडोरा नसल्याने जमिनीची हाडे उघडी दिसतात, जॉन वेस्ली पॉवेल आणि ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी नद्यांचे काम बारकाईने मांडले. गिल्बर्टचा हेन्री पर्वतांवरचा १८७७ चा अहवाल अजूनही वाचनीय आहे. त्याला उतार, खडकाचा टणकपणा आणि पाण्याची ताकद यांचा ताळमेळ दिसत होता. त्याच्याइतका सावध माणूस या क्षेत्रात विरळा.

नाव मात्र झाले ते विल्यम मॉरिस डेव्हिसचे. १८९९ मध्ये त्याने भूचक्राची कल्पना पूर्ण रूपात मांडली: जमीन उचलली जाते, मग नद्या तिला युवावस्थेतून प्रौढावस्थेत आणि वृद्धावस्थेत नेतात, शेवटी समप्राय मैदान उरते. कल्पना सुटसुटीत होती, शिकवायला सोपी होती, परीक्षेत विचारायला तर त्याहून सोपी. आपल्या पाठ्यपुस्तकांत डेव्हिस अजून ठाण मांडून आहे, आणि माझ्या मते त्याने जितका उजेड पाडला तितकाच अंधारही केला. नदीचे वय तिच्या रूपावरून ठरवण्याची सवय त्यानेच लावली. सह्याद्रीच्या धबधब्यांना 'तरुण' म्हणणारे वाक्य पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ती नदी कोट्यवधी वर्षांची असू शकते, हे मग सुचतच नाही.

जर्मन वाल्थर पेंकने (त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९२४ साली आले) उलट धरले: उचलणे आणि झिजणे एकाच वेळी चालते, आणि दोन्हींच्या वेगावर उताराचा आकार ठरतो. दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या लेस्टर किंगने आणखी पुढे जाऊन सांगितले की कडे वरून झिजून बुटके होत नाहीत. आपला उभेपणा टिकवून ते मागे मागे सरकतात. आपल्यासाठी किंग महत्त्वाचा, कारण त्याच्या नजरेसमोरचा ड्राकेन्सबर्गही बेसॉल्टचाच कडा आहे आणि सह्याद्रीसारखाच समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. रॉबर्ट हॉर्टनने १९४५ मध्ये नदीच्या जाळ्याला आकड्यांत बांधले, आर्थर स्ट्रालरने त्याची पद्धत सुधारली, आणि भूगोलाचे विद्यार्थी नकाशावर ओढ्यांच्या श्रेणी मोजू लागले. ते अजून मोजताहेत, कधी कधी कशासाठी ते विसरून. जॉन हॅकने १९६० मध्ये वयाची भाषाच बाजूला ठेवली आणि भूदृश्य समतोलात असू शकते, असे सुचवले. त्याच दशकात भूपट्टांचा सिद्धांत आला, वेगेनरचे १९१२ चे खंडवहनाचे म्हणणे पुरावे घेऊन परतले, आणि डोंगर का उचलले जातात याचे पहिले समाधानकारक उत्तर मिळाले. अलीकडच्या काळात खरा पालट केला तो कालमापनाने. वैश्विक किरणांमुळे क्वार्ट्‌झमध्ये बेरिलियम-१० चे अणू तयार होतात. ते मोजून एखादा पृष्ठभाग किती काळ उघडा आहे आणि किती वेगाने झिजतो आहे, याचा अंदाज करता येतो. शंभर वर्षे केवळ आकारांवरून चाललेले वाद आता प्रयोगशाळेत जातात. तिथे ते सुटतातच असे नाही.

महाराष्ट्रातला अभ्यास या सगळ्याच्या समांतर वाहत आला. कर्नल विल्यम साइक्स एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या भागात दख्खनभर हिंडला आणि इथल्या काळ्या थरांचा आडवेपणा त्याने नोंदवून ठेवला. नागपुरात स्टीफन हिस्लॉप या धर्मप्रचारकाने शाळा चालवता चालवता जीवाश्म जमवले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये सुरू झाले, आणि त्याच्या विल्यम ब्लॅनफर्डने १८६० च्या दशकात या लाव्हा-प्रदेशाचे पहिले सलग वर्णन केले. स्वातंत्र्यानंतर तीन घराणी स्पष्ट दिसू लागतात. भूशास्त्रज्ञ लाव्हाचे प्रवाह एकेक करून ओळखत, जोडत गेले. भूगोलज्ञांनी, विशेषतः पुणे विद्यापीठात के. आर. दीक्षित आणि पुढे विश्वास काळे यांच्या परंपरेने, पठारांच्या पातळ्या, नद्या आणि पूर अभ्यासले. आणि डेक्कन कॉलेजात शरद राजगुरूंसारख्या अभ्यासकांनी पुरातत्त्वाच्या वाटेने नद्यांचे गाळ वाचले. अश्मयुगीन हत्यारे ज्या थरात सापडतात तो थर कोणत्या हवामानात साचला, हा त्यांचा प्रश्न. तिन्ही घराण्यांनी एकमेकांचे पुरेसे वाचले नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे. सामान्य वाचकासाठी इंग्रजीत चं. धुं. देशपांडे यांचे महाराष्ट्राच्या भूगोलावरचे पुस्तक होते. मराठीत मात्र सुट्या लेखांपलीकडे वाचकाच्या हाती देण्याजोगे फार थोडे आहे.

आता मूळ खडकाकडे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत आजच्या रियुनियन बेटाजवळच्या तप्त स्थानावरून उत्तरेकडे सरकत असताना, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पसरत गेला. त्यातला बराचसा सुमारे दहा लाख वर्षांच्या अवधीत बाहेर पडला असावा. आज उरलेले क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. मुळात ते बरेच मोठे होते. महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के जमीन याच खडकाची. पश्चिमेला थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात, पूर्वेकडे ती कमी कमी होत नागपूरपाशी संपते. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे विंधन केले तेव्हा ३३८ मीटरांवरच खालचा जुना ग्रॅनाइटसदृश पाया लागला. कोयनेजवळ तो गाठायला साधारण एक किलोमीटर खाली जावे लागले.

भेगांतून आलेल्या लाव्हाने शंकू बांधले नाहीत. म्हणून 'हा किल्ला म्हणजे जुन्या ज्वालामुखीचे तोंड' हे गडावर हमखास ऐकू येणारे वाक्य सोडून द्यावे. गडाच्या माथ्यावरचा खोलगट भाग झिजेचा असतो किंवा माणसाने खणलेल्या टाक्याचा.

घाटातल्या कोणत्याही ताज्या कापाशी गाडी थांबवून पाहा. तळाशी घट्ट, काळा, उभ्या सांध्यांचा खडक दिसेल. वर सरकले की त्यात बारीक पोकळ्या येऊ लागतात, कारण थिजत्या लाव्हातले वायू वर चढून तिथे अडकले. या पोकळ्या पुढे पांढऱ्या, हिरवट खनिजांनी भरल्या. जळगाव, नाशिक, पुण्याच्या खाणींतून निघणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत, ते याच पोकळ्यांतले. हा सच्छिद्र भाग म्हणजे विहीर खणणाऱ्यांचा मांजऱ्या. त्याच्याही वर बोटभर ते हातभर जाडीचा विटकरी रंगाचा मऊ थर लागतो आणि तिथून पुन्हा काळा घट्ट खडक सुरू होतो. तो तांबडा थर म्हणजे दोन लाव्हा-प्रवाहांमधल्या उसंतीत उघडी राहिलेली, कुजू लागलेली आणि मग नव्या लाव्हाखाली भाजून निघालेली जमीन. उन्हाळ्यात हात लावलात तर अनेकदा तिथे ओल लागते. घट्ट खडकाच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी या चिकट थरावर अडते आणि आडवे चालू लागते.

आता हाच काप शंभर वेळा एकावर एक रचा. घट्ट थर कडा होऊन उभा राहतो, सच्छिद्र थर झिजून उतार होतो आणि त्यावर माती-दगड साचून पदर तयार होतो. कडा, पदर, कडा, पदर. गड बांधणाऱ्यांनी हे हिशेबात घेतले होते. माची बहुधा पदरावर आणि बालेकिल्ला वरच्या उरलेल्या टोपीवर. सांध्यांच्या रेषेत पाणी खोदत गेले की नाळा होतात, दोन्हीकडून नाळा मागे सरकल्या की खिंड, आणि अरुंद धार आरपार फुटली की राजगडावर आहे तसे नेढे. धुळे-नंदुरबारकडे लाव्हाच्या वाटा स्वतःच उघड्या पडल्या आहेत: भेगांत थिजलेला खडक भोवतालच्या खडकाहून टणक निघाला, तिथे तो मैलोन्‌मैल भिंतीसारखा उभा आहे. जिथे तो मऊ निघाला तिथे भिंतीऐवजी चर पडला. कारण एक, रूपे दोन.

याच्या उलट, रूप एक आणि कारणे अनेक, असे घडले की खरी पंचाईत होते. लोणारचे उदाहरण घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल खड्डा, खाली खारे सरोवर, काठ भोवतालच्या जमिनीहून उचललेला. पुराणात तिथे लवणासुराचा वध झाला. एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनी तो ज्वालामुखीच्या खाती टाकला, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. सगळीकडे लाव्हाचा खडक असताना दुसरे काय सुचणार? अमेरिकेत ॲरिझोनातल्या तशाच खड्ड्याबाबत खुद्द गिल्बर्टनेही वाफेच्या स्फोटाचा निष्कर्ष काढला होता. लोणारच्या तळात विंधने झाली, आघाताच्या प्रचंड दाबानेच होऊ शकते अशी काच खडकात सापडली, आणि १९७० च्या दशकात अशनीपाताचा निर्वाळा मिळाला. वयाचा प्रश्न त्याहून चिवट. बराच काळ पन्नास हजार वर्षे हा आकडा चालला. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने ५ लाख ७० हजारांच्या आसपासचे वय पुढे आले. बेसॉल्टमधले अशनीविवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग आणि चंद्रावरची काळी मैदाने बेसॉल्टची, म्हणून लोणारकडे ग्रहशास्त्रज्ञांचेही डोळे लागलेले असतात.

निघोजच्या कुंडांबद्दल असा वाद नाही, तरी तिथे आकाशातून काही पडल्याच्या गोष्टी ऐकू येतात. पारनेर आणि शिरूर तालुक्यांच्या सीमेवर कुकडीने आपल्या पात्रात रांजणखळग्यांची रांग कोरली आहे. उन्हाळ्यात मळगंगेच्या देवळाखाली पात्रात उतरले की खळग्यांचे काठ हाताला काचेसारखे गुळगुळीत लागतात. एखाद्या खळग्यात पाणी नसेल, तर तळाशी गोटे पडलेले दिसतात. तेच इथले हत्यार. पुराचा भोवरा गोट्याला एका जागी गरगरवतो, गोटा खडकात भोक पाडतो, स्वतः झिजतो, पुढचा पूर नवा गोटा आणतो. शेजारचे दोन खळगे रुंद होत एकमेकांत मिळतात, मधली भिंत कमरेएवढी उरते, मग तीही पडते. शेकडो खळगे जोडले जाऊन नदी आपल्याच पात्रात एक खोल, अरुंद घळ कापते. नदी खडक कसा खाते हे एका दुपारी पाहायचे असेल, तर याहून सोयीची जागा महाराष्ट्रात मला ठाऊक नाही.

जांभा हा या प्रदेशातला सर्वांत फसवा खडक. उष्ण, ओल्या हवेत बेसॉल्टमधली वाळूची द्रव्ये धुऊन जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहते, आणि उघड्यावर येताच ते घट्ट होते. चिरेखाणीत ताजा चिरा कुऱ्हाडीला दाद देतो, भिंतीत बसल्यावर देत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे सडे याच खडकाचे आणि हजार मीटर वरचे पाचगणीचे टेबललँड, कासचे पठारही याचेच. दोन्हीकडचा जांभा एकाच जुन्या सपाटीचा, मधून तुटलेला, की वेगवेगळ्या काळांचा? आणि टेबललँड सपाट का? हेतू शेठ आणि क्लिफ ऑलियर यांनी २००८ मध्ये असे मांडले की उंचावरचा जांभा मुळात सखल जागी, जुन्या दऱ्यांच्या तळाशी लोह साचून झाला. मग भोवतालचे मऊ डोंगर झिजून गेले आणि दरीचा तळ माथा होऊन बसला. हे खरे असेल, तर पाचगणीला घोड्यावर बसून फेरी मारणारा पर्यटक एका नदीच्या पात्रात हिंडत असतो. सगळ्यांना हे मान्य नाही. मला ते पटते.

किनाऱ्याबद्दल एकच नमूद करतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. मुंबईसमोरचा उथळ तळ तेव्हा कोरडी जमीन होती. पाणी परत चढले तेव्हा ते नद्यांच्या दऱ्यांत शिरले. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण यांच्या खाड्या या बुडालेल्या दऱ्या आहेत, आणि त्या गाळाने भरत आल्या म्हणूनच महाड, चिपळूणपर्यंत वर चालणारी जुनी गलबतांची वाहतूक मागे हटली. किनाऱ्याच्या मराठी अभ्यासात श्रीकांत कार्लेकर यांनी बरेच लिहिले आहे, ते जिज्ञासूंनी मिळवून वाचावे.

विदर्भाला या पुस्तकात जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही. पूर्णेच्या खोऱ्यात बेसॉल्ट खाली खचला आणि त्यावर शेकडो मीटर गाळ साचला. अकोला-बुलढाण्याचा खारपाणपट्टा त्या खोलगटात आहे. नागपूरच्या पूर्वेला लाव्हा संपतो, भंडारा-गोंदियाचे तलाव कितीतरी जुन्या खडकांवर आहेत, आणि चंद्रपूर-सिरोंच्याकडे गोंडवन काळातले वाळूचे खडक, कोळसा, डायनोसॉरची हाडे. तिथे डोंगर कसे 'उरले' याची कहाणी सह्याद्रीहून निराळी आहे आणि तिला स्वतंत्र खंड हवा.

हे सगळे आत्ताच का सांगायचे? २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. २०२१ मध्ये महाड तालुक्यातले तळीये, २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी 'डोंगर कोसळला' असा मथळा येतो. सहसा काळा कडा कोसळत नाही. त्याच्या पायथ्याच्या उतारावर शतकानुशतके साचलेली माती आणि सुटे दगड अतिवृष्टीत पाणी पिऊन जड होतात आणि खालच्या खडकावरून घसरतात. गावे नेमकी अशाच जागी का? कारण माती तिथे आहे, थरांच्या सांध्यातून निघणारा बारमाही झरा तिथे आहे, बसायला सपाट पदर तिथे आहे. ज्या रचनेने वस्ती शक्य केली तीच तिच्या जिवावर उठते. अशा लोकांना 'तुम्ही धोक्याच्या जागी का राहिलात' असे विचारणे निव्वळ अडाणीपणा आहे. धोकादायक पदर कोणते, हे थर आणि गाळ पाहून बऱ्याच अंशी आधी ओळखता येते, आणि उतार तोडून केलेला रस्ता किंवा सपाटीकरण कुठे नडेल हेही सांगता येते. अट एवढीच की निर्णय घेणाऱ्याला कडा आणि साचलेला उतार यांतला फरक ठाऊक हवा. पुण्याभोवतीची टेकडीफोड, सड्यांवरच्या चिरेखाणी, नद्यांतला वाळूउपसा, पाचशे फुटांवर जाणाऱ्या कोरड्या बोअर, या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हेच अज्ञान आहे, असे मी म्हणणार नाही. पैसाही आहे. पण ज्याला पैशाशी भांडायचे आहे त्याला जमीन वाचता आली तर बरे.

चिरेखाणींवरून आणखी एक. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत: हत्ती, मासे, माणसे, अर्थ न लागणाऱ्या चौकटी. जांभ्याच्या उघड्या सपाट पृष्ठभागावरच ती कोरता आली. २०२२ मध्ये त्यांतल्या काही स्थळांना युनेस्कोच्या प्राथमिक यादीत जागा मिळाली. शासनाच्या महसुली नोंदींत सडा बहुधा 'पडीक' असतो. पडीक म्हटलेल्या जमिनीचे मग काहीही करता येते.

आता पुस्तकाविषयी. यातले लेखक भूशास्त्र, भूगोल, पुरातत्त्व आणि डोंगरभटकंती अशा चारही वाटांनी आले आहेत. लोक जो शब्द वापरतात तो आधी, शास्त्रातला नंतर, एवढे एकच बंधन मी त्यांच्यावर घातले होते. घळ, नाळ, पदर, सोंड, सडा, पुळण, खाजण हे शब्द नेमके आहेत आणि त्यांमागे पाहणीच्या कित्येक पिढ्या आहेत. आकृत्या हेतुपुरस्सर हाताने काढलेल्या आहेत. छायाचित्रात सगळेच दिसते आणि म्हणून काय पाहायचे ते कळत नाही. वाचकाने क्रमाने वाचावे असा आग्रह नाही. आपल्या गावाजवळचा लेख आधी वाचावा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा समोर ठेवावा आणि समोच्चरेषा कुठे दाटल्या आहेत ते पाहून प्रत्यक्ष जाऊन यावे.

लेखकांत एकवाक्यता करण्याचा प्रयत्न मी केलेला नाही. सह्याद्रीच्या कड्यावरचे दोन लेख तर एकमेकांच्या विरोधात आहेत. पहिल्या लेखाप्रमाणे कडा आजच्या किनाऱ्याजवळच्या प्रस्तरभंगापाशी सुरू झाला आणि पन्नासेक किलोमीटर मागे सरकत इथवर आला. सहा कोटी वर्षांवर भागले तर वर्षाला मिलिमीटरहून थोडे कमी. दुसऱ्या लेखाप्रमाणे कडा सुरुवातीच्या काळातच जवळपास आजच्या जागी तयार झाला आणि नंतर फारसा हललेला नाही. कोकण नुसते त्याच्या पुढ्यात खोल होत गेले. पहिल्या बाजूला किंगची परंपरा आणि कोकणात सुटे उभे राहिलेले डोंगर, दुसऱ्या बाजूला कालमापनाचे आकडे. कृष्णा महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ६४ किलोमीटरवर उगम पावून बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे १४०० किलोमीटर का जाते, याचे उत्तर दोघेही देतात आणि दोन्ही उत्तरे ऐकताना पटतात. छपाईला जाण्यापूर्वी दोघांनी एकमेकांचे लेख वाचले. आपले वाक्य बदलायला दोघांनीही नकार दिला, म्हणून दोन्ही लेख शेजारीशेजारी, होते तसेच छापले आहेत.